बीटिस की क्लोइऑन: पंख बघून ओळखायचं की निम्फ बघून?

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. मार्च जवळ आला की नागपुरातले फ्लाय (हुकावरची नकली माशी) बांधणारे मित्र हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जायच्या तयारीला लागतात आणि हा प्रश्न येतो: बीटिस आणि क्लोइऑन या दोन मेफ्लाय (पाण्यात वाढणारे, ट्राउट खाते ते किडे) वेगळ्या ओळखायला शिकायचं तर पंखवाल्या किड्यापासून शिकावं की पाण्यातल्या निम्फपासून, म्हणजे त्याच्या पिल्लापासून? मी दोन्हींवर वेळ घातला आहे. दोन्ही मार्गांनी ओळख पटते, तरी माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

पंखवाल्या किड्याची मोठी सोय म्हणजे पाण्यात उतरावं लागत नाही. क्लोइऑन साचलेल्या पाण्यातली, त्यामुळे सराव नागपुरातल्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठावरही होतो. दोघींनाही शेपट्या दोनच, अंगकाठी सारखी, नरांचे वरचे डोळे पगडीसारखे फुगलेले. फरक मागच्या पंखात: बीटिसला तो इवलासा असतो, क्लोइऑनला नसतोच. पंख मिटून उभे असले की तो पुढच्या पंखाआड दडतो. म्हणून मी पुढच्या पंखाची मागची कड बघतो. तिथल्या मोकळ्या आखूड शिरा बीटिसमध्ये जोडीजोडीने असतात, क्लोइऑनमध्ये एकेकट्या. इतवारीत सराफी सामानाच्या दुकानात मिळणारं दहापट भिंग यासाठी पुरतं.

पंखवाल्या अवस्थेतून वागणंही कळतं. बीटिसच्या बऱ्याच जातींच्या माद्या दगडावरून पाण्याखाली उतरून अंडी घालतात, म्हणून तिथे बुडालेला स्पिनर (शेवटची कात टाकलेला पूर्ण वाढीचा किडा) ट्राउटला चालतो. हे निम्फ बघून कधीच कळलं नसतं.

पण मला खरा त्रास झाला तो डनचा, म्हणजे पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पंखवाल्या किड्याचा. मेफ्लाय पंख फुटल्यावरही एकदा कात टाकते, दुसऱ्या कुठल्या किड्यात हे नाही. काठावर धुरकट पंखांचा, ऑलिव्ह अंगाचा डन डबीत घ्यावा आणि रात्री टेबलावर उघडावी, तर आत काचेसारख्या पंखांचा, वेगळ्याच रंगाचा स्पिनर! त्याशेजारी डबिंगचा (फ्लायच्या अंगाला गुंडाळायच्या तंतूंचा) रंग धरून काय जुळवणार? एप्रिलच्या कोरड्या हवेत तर तो अर्ध्या कातीतच अडकतो, पंख चुरगळतात आणि ज्या शिरा बघायच्या त्याच जातात. मासा खात होता तो डन आणि माझ्यासमोर असतो तो दुसराच किडा. असं वारंवार झालं आणि मी निम्फकडे वळलो.

निम्फला पांढऱ्या ताटलीत पाणी घालून सोडा. क्लोइऑनचे कल्ले फडफडत राहतात, कारण साचलेल्या पाण्यात तिला प्रवाह स्वतःच तयार करावा लागतो. बीटिसचे कल्ले स्थिर असतात. तिला वाहतं पाणी लागतं, म्हणून पटकन बघून सोडून द्या. भिंग घेतलं तर क्लोइऑनच्या पहिल्या सहा जोड्यांमधला प्रत्येक कल्ला दुहेरी दिसतो, बीटिसचे सगळे एकेरी. शेपट्या दोघींनाही तीन, पण बीटिसची मधली बहुधा आखूड. शिवाय पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या असतील तर किडा बाहेर पडायची वेळ जवळ आली असं समजावं, आणि दोर टाकणाऱ्याला यापेक्षा कामाची खूण दुसरी नाही.

फक्त ड्राय फ्लायच (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) टाकणाऱ्याने पंखच शिकावेत, मी अडवणार नाही. मात्र नमुना काठावरच बघा, रंग तिथेच लिहून ठेवा, घरी आणू नका. बाकीच्यांनी आधी निम्फ घ्यावी असं मला वाटतं. बांधायलाही ती सोपी: इंग्लंडच्या फ्रँक सॉयरचा फेझंट टेल हा निम्फचा नमुना तांब्याची तार आणि फेझंटच्या शेपटीचे तंतू एवढ्यावरच उभा राहतो, दोराही लागत नाही. 16 नंबरच्या हुकापासून सुरुवात करा, 14 आणि 18 मागाहून.