एजन्सीचा अटेंडंट की स्वतः ठेवलेला माणूस? दोन्ही करून बघितल्यावर

घरी मोठ्या माणसाचं करायला कोणीतरी हवंय आणि एजन्सीकडून अटेंडंट घ्यायचा की ओळखीतून चौकशी करून स्वतःच माणूस ठेवायचा यावर घरात रोज वाद चाललाय, अशांसाठी लिहितोय. आमच्याकडे दोन्ही झालंय. पैसे, डिपॉझिट, बारा तास की चोवीस तास हे तुम्ही आधीच दहा ठिकाणी विचारून झालं असणार, ते सोडतो. मला बोलायचंय ते हे की काम नीट होतंय का, पेशंट सुरक्षित आहे का, हे आपल्याला कळणार कसं, आणि त्या बाबतीत या दोघांत काय फरक पडतो.

आमचं प्रकरण म्हणजे बाबा. स्ट्रोकनंतर डावी बाजू कमजोर, गिळायला थोडा त्रास, कूस स्वतःची स्वतः बदलता येत नाही. डोकं मात्र एकदम शाबूत त्यामुळे मतं भरपूर. तुमचा पेशंट वेगळा असेल तर माझं सगळं उलटंही पडू शकेल हे धरून चाला.

डोनाबेडियन म्हणून एक डॉक्टर होते, त्यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी बघायची रीत मांडली आणि ती अजून चालते. हाताशी काय आहे (माणसं, ट्रेनिंग, साधनं), काम प्रत्यक्षात कसं होतं, आणि शेवटी पेशंटचं काय झालं. आता गंमत अशी की एजन्सी निवडताना आपल्याला जे दाखवतात ते जवळपास सगळं पहिल्यातलं असतं, सर्टिफिकेट, युनिफॉर्म, व्हेरिफिकेशन, ॲप. तिसरं फार उशिरा कळतं, बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहून कातडीला होणारी जखम) झाल्यावर समजून काय उपयोग. आणि मधलं, म्हणजे रात्री अडीचला त्या खोलीत काय होतं, ते बघायला आपण नसतो. असतो तर माणूस कशाला ठेवला असता.

पहिल्या बाबतीत एजन्सी सरळ पुढे आहे, यात वाद नको. त्यांचा पहिला मुलगा आला तेव्हा मी त्याला बाबांना पलंगावरून व्हीलचेअरवर घ्यायला सांगितलं आणि नुसता बघत उभा राहिलो. त्याने खुर्ची बाबांच्या चांगल्या बाजूला लावली, ब्रेक लावले, पायाच्या पट्ट्या वर केल्या, बाबांना सांगितलं की आता उठायचंय, मग कमरेच्या पट्ट्याला धरून उठवलं. डाव्या हाताला ओढणं नाही की काखेत हात घालून उचलणं नाही. स्ट्रोकमध्ये कमजोर बाजूचा खांदा ढिला झालेला असतो, ओढला की निखळायची भीती, हे त्याला कोणी शिकवलेलं दिसत होतं. नंतर आम्ही स्वतः ठेवलेले दादा सुरुवातीला काखेत हात घालूनच उचलायचे, फिजिओथेरपिस्टने दोन-तीनदा समोर करून दाखवलं तेव्हा सुटलं. माझं ऐका, कोणालाही ठेवायच्या आधी हे एक काम समोर करून घ्या, कितीही गोड बोलणारा असो दोन मिनिटांत समजतं.

माणूस आजारी पडला की दुसरा येतो हाही एजन्सीचा मोठा फायदा, निदान वाटतो तरी. बदली येतो खरा पण त्याला फोनवर सांगितलेलं असतं एवढंच की स्ट्रोक पेशंट आहे. गिळायला त्रास आहे, सरळ बसवूनच भरवायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं आणि तो बिचारा आपुलकीने झोपल्या झोपल्या पाणी पाजायला जातो. अशा पेशंटचं पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियाची भीती. शेवटी मी एक कागद पलंगाच्या वर भिंतीवर चिकटवला, बाबांना तो अजिबात आवडला नाही, म्हणाले मला काय दुकानातली वस्तू समजता का. कागद राहिला.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं. माझं मन फिरलं ते त्या शीटमुळे.

एजन्सीची एक छापील शीट असते, तासातासाचे रकाने, औषध दिलं, पाणी दिलं, कूस बदलली, डायपर बघितला, समोर टिक मारायची, महिन्याच्या शेवटी सुपरवायझर घेऊन जातो. आमची शीट कायम भरलेली. एकही रकाना मोकळा नाही, "नाही" अशी एकही खूण नाही, सगळ्या टिका एकाच पेनाच्या, एकाच कलाच्या. मला सुरुवातीला फार बरं वाटायचं. मग एकदा रात्री झोपायच्या आधी सहज बघितली तर पहाटे चारची टिक आधीच मारलेली! कूस बदलल्याची.

मी चिडलो नाही म्हणजे फार नाही. सुपरवायझरला फोन केला, तो अगदी नम्रपणे बोलला, दुसऱ्या दिवशी माणूस बदलून दिला. नवीन मुलगाही तेच. तो जरा मोकळा होता म्हणून विचारलं तर म्हणाला दादा, रकाना मोकळा राहिला की आम्हाला बोलणी बसतात, काम राहिलं तर कोणी बघायला येत नाही. इतकं सरळ. म्हणजे मुलगा आळशी होता असंही म्हणता येत नाही, त्या पद्धतीतच पूर्ण भरलेल्या शीटला किंमत आहे आणि खऱ्या शीटला नाही. आणि ज्या शीटमध्ये "नाही" कधीच येत नाही तिच्यातलं "हो" कितपत खरं धरायचं? दर दोन तासांनी कूस ही जुनी रीत, गादी आणि कातडी बघून डॉक्टर ते अंतर कमीजास्त करतात, पण मुळात रात्री किती वेळा बदलली हेच खरं कळत नसेल तर डॉक्टर तरी काय सांगणार.

दादा आले त्यांच्याकडे छापील काही नव्हतं, मी एक साधी वही दिली आणि म्हटलं जे झालं ते लिहा, जे नाही झालं तेही लिहा. अक्षर दिव्य. पण मजकूर असा: "दोनला उठवले नाही, गाढ झोप. चारला कूस. डावी टाच लाल." ते शेवटचे तीन शब्द मला त्या सगळ्या शीट्समध्ये कधी मिळाले नसते. आम्ही सकाळी बोटाने दाबून बघितलं. दाबल्यावर लाली जायला हवी, जात नसेल तर ती बेडसोअरची पहिली पायरी. (सावळ्या कातडीवर लाल दिसेलच असं नाही, आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागतंय का ते हात लावून बघायचं.) पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली, दोन दिवस लक्ष ठेवलं, गेलं. एका टाचेवरून मी एवढं मोठं मत बनवतोय हे मलाही कळतं, पण बनलं खरं.

आता दादांची बाजू फार गुलाबी वाटायला नको म्हणून सांगतो. त्यांच्या मागे कोणी नाही. ते गावाला गेले की आपली झोप गेली, त्यामुळे आठवड्यातून एक दिवस येणारा दुसरा माणूस पहिल्यापासून तयार ठेवावा लागतो, अडचण आल्यावर शोधून मिळत नाही. चोवीस तासांना एकच माणूस ठेवून काटकसर होते असं वाटतं पण रात्रभर जागा असलेला माणूस सकाळी पेशंटला उचलतो तेव्हा दोघंही पडायची शक्यता असते, तेव्हा त्यांची झोप आणि सुट्टी हाही पेशंटच्या सुरक्षिततेचाच भाग समजा. औषधांची आठवड्याची डबी मी स्वतः भरतो, ते फक्त देतात. आणि एजन्सीत निदान तक्रार करायला कोणी असतं, इथे तपासणारेही आपण, मालकही आपण. पेशंटशी दिवसातून थोडा वेळ एकट्याने बोला, दंडावर किंवा मनगटावर वळ दिसतात का बघा, माणूस खोलीत आला की पेशंट गप्प होतो का बघा. हे एजन्सीच्या माणसालाही लागू आहे, व्हेरिफिकेशन झालेला हात हलकाच असतो असं काही नाही.

दुसरं म्हणजे ओळख वाढली की दोघं एक होतात. फिजिओथेरपीचे व्यायाम बाबांना आवडत नाहीत, दादांना बाबा आवडतात, परिणाम तुम्हाला समजला असेलच, आणि वहीत फक्त हीच एक गोष्ट कधी लिहिलेली नसते. म्हणून अधूनमधून बाहेरची एक नर्स येऊन कातडी, वजन, उठल्यावर बीपी उतरतंय का हे बघून जाते. हे बाहेरचं तिसरं डोकं मी दोन्ही पर्यायांत ठेवलं असतं.

तर कोणी काय घ्यावं? पेशंटला गळ्यात नळी आहे, नाकातून फीडिंग आहे, इंजेक्शनं आहेत, तर एजन्सीकडून शिकलेली नर्सच घ्या, तिथे माझ्या वहीचं कौतुक चालणार नाही. घरचं कोणी त्या घरात राहतच नसेल तरी एजन्सी बरी, पण सुपरवायझर न सांगता येतो का ते विचारा. आणि विचाराच की गेल्या वेळी पेशंट पडला तेव्हा तुम्ही काय केलंत. "आमच्याकडे पडतच नाही" असं उत्तर आलं तर मी तरी जरा थांबेन. पेशंट स्थिर आहे, काम उठवण्या-बसवण्याचं, भरवण्याचं, आंघोळीचं आहे, आणि तुमच्यापैकी एकजण रोज घरी असतो, तर मला वाटतं स्वतः माणूस शोधा, पहिला महिना त्रासाचा जातो, पुढे सोपं होतं. सगळ्यांना असा माणूस सापडेलच असं मी म्हणत नाही.

एजन्सीच घेणार असाल तर त्यांच्या शीटच्या शेजारी आपली एक कोरी वही ठेवा आणि पहिल्याच दिवशी सुपरवायझरसमोर त्या मुलाला सांगा की "नाही केलं" असं लिहिलं म्हणून या घरात कोणी बोलणार नाही. सुपरवायझर कसनुसा हसेल. हसू द्या.