सोलापुरी चादर आणि पिवळा दिवा: अडीच हजारांत ऊबदार झालेली निजायची खोली

गेल्या नोव्हेंबरात यजमानांची बदली झाली आणि आम्ही पुण्यात धायरीला भाड्याच्या घरात राहायला आलो. घर स्वच्छ आहे, हवेशीर आहे. पण निजायची खोली पहिल्या दिवसापासून मला परकी वाटत होती. दहा बाय अकरा फुटांची जागा, पांढऱ्या भिंती, पायाला गार लागणारी गुळगुळीत फरशी, छताला टेकलेली पांढरीशुभ्र ट्यूब आणि मधोमध लोखंडी पलंग, असे तिचे रूप होते. दवाखान्यात तपासणीची वाट पाहत बसावे तसे तिथे वाटे. भाडेकरारात भिंतीला खिळा मारायचा नाही आणि रंग बदलायचा नाही, अशा दोन अटी असल्यामुळे जे काही करायचे ते कापड आणि उजेड यांच्यातूनच करणे भाग होते. त्यासाठी मी अडीच हजार रुपये बाजूला काढले. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा सोलापुरी चादरींवर खर्च झाला, म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या चादरीचे आहे.

सुरुवात चुकीची झाली, हे आधी सांगते. बाहेर जाण्याचा कंटाळा म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘सोलापुरी’ असे लिहिलेली डबल चादर ७४९ रुपयांना मागवली. नक्षी ओळखीची होती, पण कापड हाताला निसरडे लागत होते आणि झटकले की अंगावरची लव उभी राहत होती. कडेचा एक धागा काढून काडीने पेटवला, तेव्हा तो राख होण्याऐवजी आक्रसून काळा, टणक मणी झाला. सुती धागा जळताना जळक्या कागदासारखा वास येतो आणि मागे बोटाने चुरगळणारी राख उरते. वितळून मणी झाला की त्यात पॉलिएस्टर आहे असे खुशाल समजावे. चादर परत पाठवली आणि पैसेही मिळाले, परंतु सोलापूरचे नाव लावून बाहेरचा माल सर्रास विकला जातो, हे त्यानिमित्ताने स्वतः अनुभवले.

डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नासाठी सोलापूरला जाणे झाले, तेव्हा एक दुपार मुद्दाम तिथल्या कापडाच्या दुकानांच्या चाटी गल्लीसाठी राखून ठेवली. दुकानदार वयस्कर होते. मी चादर दोन बोटांत चिमटून तिचा पोत बघत होते, तर ते म्हणाले, “ताई, अशी नका बघू. खांद्यावर टाका आणि घटकाभर उभ्या राहा.” खांद्यावर घेतल्यावर त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला. ही चादर वजनाने जाणवते. घरी आणल्यावर काट्यावर ठेवली, तर सिंगल चादर सव्वा किलोची भरली. अंगावर पडल्यावर ती जागच्या जागी राहते, कुशीवर वळले तरी घसरत नाही आणि पलंगावर पसरली की तिच्या भारानेच तिच्या सुरकुत्या बसतात. बाजारातली मऊ, केसाळ मिंक ब्लँकेटे हाताला सुखद लागतात हे खरे, पण पुण्याच्या थंडीत त्यांच्याखाली पहाटे घाम येतो आणि पलंगावर ती कायम फुगलेली, विस्कटलेली दिसतात.

त्या दुकानदारांशी अर्धा तास बोलणे झाले. घरात ते तेलुगू बोलत होते आणि माझ्याशी अस्सल सोलापुरी मराठीत. शहराच्या पूर्व भागात हे नेहमीचेच दृश्य आहे, कारण तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या आधी आलेल्या पद्मशाली विणकरांनीच इथले माग चालते ठेवले. पूर्वी हातमाग होते. आज सोलापुरी चादर म्हणून जी आपल्या घरी येते ती बहुतेक वेळा यंत्रमागावरची असते, आणि ते कमीपणाचे नाही. नक्षी विणण्याचे काम जकार्ड यंत्रणा करते. छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरत राहते आणि प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी ताण्यातले, म्हणजे उभे, कोणते धागे उचलायचे आणि कोणते खाली ठेवायचे, हे त्या छिद्रांवरून ठरते. म्हणजे इथली नक्षी कापडावर छापलेली नसून कापडाच्या अंगातच असते. चादर उलटी केली की हे लगेच दिसते: सुलट्या बाजूला गडद जमिनीवर फिकी नक्षी असेल, तर उलट्या बाजूला फिक्या जमिनीवर गडद. खऱ्या चादरीची ही सर्वांत सोपी खूण आहे. छापील चादरीची मागची बाजू मात्र धुरकट आणि मुकी असते.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि त्यानंतर सुरुवातीच्या काळातच ज्या वस्तूंची नोंदणी झाली, त्यांत या दोन्हींचा समावेश आहे. या मानांकनाचा अर्थ एवढाच की हे नाव त्या परिसरात विणलेल्या मालालाच लावता येते. ग्राहकाने घडीवरची चिठ्ठी वाचण्याची सवय लावून घेतली, तर नकली मालाला बराच आळा बसेल. मी तीन दुकाने फिरले. चिठ्ठीवर उत्पादकाचे नाव आणि पत्ता कुठे आहे असे विचारल्यावर दोघांनी लगेच दाखवले, तिसऱ्याने विषय बदलला. तिथून मी काही घेतले नाही.

अखेरीस एक डबल चादर ९८० रुपयांना आणि एक सिंगल ५२० रुपयांना घेतली. दोन्हींवर मयूरपंखाची, म्हणजे मोराच्या पिसाऱ्याची नक्षी आहे. डबल चादर गडद हिरव्या आणि मोतिया रंगात, तर सिंगल विटकरी रंगात. रंगाबाबत माझे मत स्पष्ट आहे. छोट्या आणि पांढऱ्या भिंतींच्या खोलीत फिकी चादर घेतली की सगळेच फिके होऊन जाते. नजर टेकायला एक तरी गडद, भरीव गोष्ट हवी, आणि खोलीतल्या सामानात सर्वांत मोठा पृष्ठभाग पलंगाचाच असल्याने ती गोष्ट तिथेच असावी. आमचा पलंग पाच फूट रुंद आहे. नव्वद बाय शंभर इंचांची डबल चादर त्यावर पसरली की दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट खाली उतरते, त्यामुळे पलंगाखाली ठेवलेल्या लोखंडी पेट्या झाकल्या जातात. साठ बाय नव्वद इंचांची सिंगल चादर मी लांबीत तिहेरी घडी करून पायथ्याशी आडवी टाकते. ती दोन्ही कडांवर बेताची लोंबते आणि पहाटे गारठा वाढला की पायानेच वर ओढून घेता येते.

एवढे करूनही पहिल्या रात्री माझी निराशा झाली, आणि त्याचे कारण चादर नव्हती. छतावरच्या ट्यूबचा उजेड सरळ वरून आणि सगळीकडे सारखा पडत असल्यामुळे चादरीची वीण सपाट दिसत होती आणि हिरवा रंग निळसर झाला होता. आपल्याकडे घरोघरी लागलेल्या पांढऱ्या ट्यूब आणि बल्बांच्या खोक्यावर बहुधा ६५०० केल्व्हिन असे छापलेले असते. हा आकडा उजेडाचा रंग सांगतो: तो जितका मोठा, तितका उजेड निळसर आणि भर दुपारचा वाटणारा, तो जितका लहान, तितका पिवळसर आणि कंदिलाच्या जवळ जाणारा. मी २७०० केल्व्हिनचा, सात वॉटचा एलईडी बल्ब आणि वायर जोडलेला होल्डर असे दोन्ही मिळून ३१० रुपयांना आणले आणि कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर, वेताच्या जुन्या टोपलीआड, पलंगाच्या उंचीला दिवा ठेवला. टोपली बल्बला चिकटू नये एवढे अंतर मात्र राखले आहे. उजेड बाजूने आल्यामुळे विणीचा प्रत्येक उठाव आपली बारीक सावली टाकू लागला आणि दुकानात खांद्यावर जाणवलेली चादरीची जाडी आता डोळ्यांनाही दिसू लागली. कोणाला दोनपैकी एकच गोष्ट घेणे परवडत असेल, तर मी आधी बल्ब घ्या असेच सांगेन, कारण घरात असलेली साधी चादरही त्या उजेडात अधिक चांगली दिसते.

खिडकीसाठी नवे पडदे घेतले नाहीत. आईची एक सुती साडी होती, पदराजवळ विरलेली. ती मधोमध कापून दोन तुकडे केले. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच असतो, म्हणून दोन तुकडे मिळून चार फुटांच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट कापड मिळाले आणि चुण्या भरगच्च पडल्या. शिलाईचे १६० रुपये झाले. खिळा न मारता दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी नळी ३५० रुपयांना मिळाली. सकाळचे ऊन त्या साडीतून गाळून आत येते, तेव्हा खोली सर्वांत सुंदर दिसते.

आईनेच शिवलेली एक गोधडीही बरोबर आणली होती. पायाला गार फरशी लागू नये म्हणून ती पलंगाजवळ अंथरावी, असे एका मैत्रिणीने सुचवले. परंतु जिच्या आत आजीचे लुगडे आहे, तिच्यावर पाय ठेवणे मला जमले नाही. म्हणून चार कोपऱ्यांना नाड्या शिवून ती पलंगाच्या लोखंडी डोक्याला बांधली. आता पाठ टेकून वाचत बसता येते, गज टोचत नाहीत, आणि धावदोऱ्याच्या ओळी दिव्याच्या उजेडात चादरीच्या विणीशी छान जुळून येतात. फरशीवर घरातलीच सतरंजी आहे.

या सगळ्याचा हिशेब २,३२० रुपये झाला. आता सात महिन्यांच्या वापरानंतर चादरीचे दोषही सांगणे आवश्यक आहे, कारण ते दुकानात कोणी सांगत नाही.

पहिला दोष रंगाचा. विटकरी चादरीने पहिल्या धुण्यात बादलीभर पाणी लाल केले, दुसऱ्यात गुलाबी, आणि चौथ्यापासून पाणी स्वच्छ राहू लागले. मीठ टाकले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. मी एका धुण्यात मीठ टाकले आणि एकात टाकले नाही, मला काहीही फरक दिसला नाही. थंड पाणी, वेगळी बादली आणि सावलीत उलटी वाळवणे, एवढेच उपयोगाचे ठरले. दुसरा दोष आटण्याचा: तीन धुण्यांनंतर नव्वद इंचांची सिंगल चादर सत्त्याऐंशी इंचांवर आली. सुती कापडात हे व्हायचेच, म्हणून पलंगाच्या मापाला नेमकी बसणारी चादर न घेता थोडी मोठी घ्यावी. तिसरा दोष मला सर्वांत जाचक वाटला. भिजलेली डबल चादर इतकी जड होते की ती पिळायला दोन माणसे लागतात, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर ती पंख्याखाली वाळायला पूर्ण दोन दिवस लागले. ओलसर राहिली तर कुबट वास धरते. ज्यांच्याकडे दोरीला जागा नाही किंवा बाल्कनीच नाही, त्यांनी दोन सिंगल चादरी घ्याव्यात. डबलचा मोह टाळावा.

पोताबद्दल मतभेद होऊ शकतो. नवी चादर खरखरीत असते. चार-पाच धुण्यांनंतर ती मऊ होते, पण गादीवरच्या मलमली चादरीइतकी कधीच होत नाही, म्हणून मी आत एक जुने, पातळ पांघरूण घेते आणि सोलापुरी वरून घेते. तान्ह्या बाळासाठी किंवा नाजूक त्वचेच्या माणसासाठी ती थेट अंगावर घ्यायची वस्तू नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत रात्री ती पांघरवत नाही. तेव्हा दिवसा पलंग झाकण्यासाठी वापरते आणि रात्री घडी करून पेटीवर ठेवते, मग पेटीचीच बैठक होते.

सोलापुरी चादर म्हटले की बहुतेकांना वसतिगृहाची वळकटी किंवा पाहुण्यांसाठी कपाटात वर ठेवलेला गठ्ठा आठवतो. माझ्या माहेरीही तसेच होते. चार चादरी होत्या आणि त्या केवळ दुसऱ्यांसाठी निघत. रोजच्या पलंगावर तिला जागा द्यावी असे कोणाला सुचले नाही, याचे मला आता वाईट वाटते. यजमानांना सुरुवातीला ही खरेदी जुन्या वळणाची वाटली होती. परवा ते स्वतःच म्हणाले, “आई-बाबांच्या खोलीतही तो पिवळा दिवा लाव, आणि सोलापूरला कोणी जाणार असेल तर त्यांच्यासाठीही एक सांगून ठेव.” सासऱ्यांना हिरवा रंग आवडतो, सासूबाईंचा हात दुखतो, म्हणून त्यांच्यासाठी मी दोन सिंगल चादरीच सांगितल्या आहेत, दोन्ही हिरव्या.