जळगावी छापाचं शिफ्ट-बदली रजिस्टर: ‘झालं’चा रकाना सोडला तर घेण्यासारखं

प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांची देखभाल करणाऱ्या हँगरांसाठी जळगावच्या एका छापखान्यानं एका शिफ्टनं दुसरीला काम सोपवताना भरायचं हे दुप्रती रजिस्टर काढलंय. आडवं ए-४, ५० जोड पानं, प्रत्येक जोडीवर छापील अनुक्रमांक. पांढरी प्रत फाडून वर्क पॅकला, म्हणजे त्या कामाच्या कागदांच्या गठ्ठ्याला, लावायची, गुलाबी रजिस्टरातच राहते. किंमत २८० रुपये. बांधणी शिवलेली आहे, डिंकाची नाही. मे महिन्यात पत्र्याच्या हँगरमध्ये डिंकाच्या वह्यांची पानं कशी सुटतात हे ठाऊक असलेल्या माणसानं हे रजिस्टर बांधलेलं दिसतं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पानाचा जवळपास निम्मा भाग व्यापणारा ‘उघडं काय राहिलं’ हा रकाना. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नमुन्यांत ‘आज केलेली कामं’ याला भरपूर जागा असते आणि बाकी कामाला तळाशी एक ओळ. खरं तर हे उलटं हवं. केलेलं काम टास्क कार्डावर, म्हणजे कामाचे टप्पे छापलेल्या कागदावर, सहीनिशी असतंच. अपघात होतो तो कार्डावर कुठंच न आलेल्या कामामुळे.

११ सप्टेंबर १९९१ ला अमेरिकेत टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेसचं एम्ब्रेअर १२० कोसळलं आणि १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटाच्या आडव्या पंखावरची, बर्फ काढणारी रबरी आवरणं (बूट) बदलायचं काम चालू होतं. डाव्या बाजूच्या पुढच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू एका शिफ्टनं काढले. दुसऱ्या शिफ्टनं काम केलं ते उजव्या बाजूचं. डावीकडचे स्क्रू काढल्याची नोंद कार्डावर नव्हती. पंख शेपटाच्या टोकावर, जमिनीपासून उंच, त्यामुळे खालून बघणाऱ्याला काही दिसलं नाही.

या रजिस्टरात त्याच ठिकाणी चार गोष्टी विचारल्यात: काय काढलं, नग किती, कुठे ठेवलंय, कार्डावर चढवलंय का. ‘नग किती’ हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण ‘पॅनलचे स्क्रू काढले’ आणि ‘स्क्रू ४७, पिशवी क्र. ३, डाव्या स्टँडला बांधली’ यांत फरक आहे. दुसऱ्या नोंदीत पिशवी सापडली नाही की पुढचा माणूस आपोआप थांबतो.

आता दोष. उजव्या कडेला ‘झालं / बाकी’ अशा दोन चौकटी खूण करायला दिल्यात, आणि तिथंच घात आहे. आपल्याकडे हँगरच्या दारात पाना पुसता पुसता ‘व्हई गयं भो’ (झालं भाऊ) म्हटलं की विषय संपतो. पण काय व्हई गयं? छोट्या विमानांत असणाऱ्या लायकमिंग कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला ८ स्पार्क प्लग असतात. एकेका प्लगचं काम निदान तीन टप्प्यांचं: हातानं बसवला, ३५ फूट-पाउंडाला टॉर्क केला (मोजून ठरलेल्या जोरानं आवळला), लीड म्हणजे विजेची तार जोडून तिचं नट कसलं. हातानं बसवलेला आणि टॉर्क केलेला प्लग डोळ्यांना अगदी सारखाच दिसतो. ‘झालं’वर खूण करणाऱ्याच्या मनात पहिला टप्पा असतो, वाचणाऱ्याच्या मनात शेवटचा. नट-बोल्टचंही तेच: बसवलं, कसलं, टॉर्क केलं, लॉकवायर (सैल होऊ न देणारी तार) घातली हे चार वेगळे शब्द आहेत आणि चौघांना चार चौकटी हव्यात. छापखान्यानं नवी आवृत्ती काढेपर्यंत या दोन चौकटींवर आडवी रेघ मारावी आणि टास्क कार्डाचा पूर्ण झालेला शेवटचा टप्पा आकड्यात लिहावा: ‘टप्पा ११ पूर्ण, १२ सुरू नाही’.

सह्यांची जागा मात्र विचारपूर्वक केलीय. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही वेगळी, आणि दोघांपुढे वेळ. टेक्सासच्या प्रकरणात नंतरच्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरनं हँडओव्हरचा कागद पाहिला होता. पण आधीच्या इन्स्पेक्टरनं आपली नोंद तोवर केलेलीच नव्हती. कागद होता, वाचलाही होता, तरी उपयोग शून्य. घेणाऱ्याची वेळ देणाऱ्याच्या आधीची पडली, की या रजिस्टरात ते लगेच डोळ्यात भरतं. दोघांनी सह्या टेबलावर न करता विमानापाशी उभं राहून कराव्यात, उघड्या भागाला बोट लावून. घेणाऱ्यानं ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगावं. दहा मिनिटं जातात, आणि ती शिफ्टच्या वेळापत्रकातच धरलेली हवीत. बस सुटायच्या गडबडीतली नव्हेत.

उन्हाळ्यासाठी छापखान्याला एक गोष्ट सुचली नाही. खान्देशात पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी काम थांबतं आणि संध्याकाळी तोच मेकॅनिक परत येतो. माणूस बदलत नाही म्हणून कोणी काही लिहीत नाही. पण चार तासांच्या झोपेनंतर तो स्वतःच ‘पुढची शिफ्ट’ असतो. ‘मधली सुट्टी’ असा एक छोटा रकाना हवाच होता.

कागदाबद्दल: जेल पेननं लिहिलं तर गुलाबी प्रतीवर पुसट उमटतं, बॉलपेननं दाबून लिहावं लागतं. खाली पुठ्ठा सरकवायला विसरलं तर तीन पानांवर छाप पडतो. गुलाबी प्रत उन्हात फिकी पडते. रजिस्टर खिडकीत ठेवू नये.

आणि हे रजिस्टर टास्क कार्डाच्या जागी वापरायचं नाही. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांनुसार शिफ्ट बदलताना अपुऱ्या कामाची माहिती नीट पोचवणं बंधनकारक आहे, पण उघडलेल्या प्रत्येक भागाची नोंद कार्डावर किंवा जादा कामाच्या पत्रकावर हवीच. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० च्या दोन्ही इंजिनांची बोरोस्कोप तपासणी (आत नळी घालून बघणं) झाली. अर्धवट काम एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी गेलं आणि त्यासाठी काढलेली दोन्ही इंजिनांची रोटर ड्राइव्हची झाकणं (इंजिन हातानं फिरवायच्या जागेची) परत बसवायची राहिली. उडाल्यावर दोन्हींचं तेल जवळपास सगळं गेलं. विमान लूटनला उतरलं म्हणून लोक वाचले.

एका विमानाला एक रजिस्टर घ्यावं. दोन विमानं एकात घातली की अनुक्रमांकाचा उपयोग जातो. मागणी देताना ‘झालं / बाकी’ काढून चार चौकटी छापून मागाव्यात. आणि ‘उघडं काय राहिलं’ रिकामं सोडू नये. काहीच उघडं नसेल तर तसं अक्षरी लिहून रेघ मारावी. कोऱ्या जागेवरून काही उघडं नाही की लिहायचं राहिलं, हे पुढच्या माणसाला कळत नाही.