नागपूरच्या गोळीबार चौकाकडचं मटनचं दुकान
या दुकानात मी बाबांचा हात धरून जायचो, आता माझी पोरगी सोबत येते. ज्यांनी सुरू केलं ते काका गल्ल्यावर बसतात, सुरी मुलाच्या हातात आहे पण नजर अजून काकांचीच. परवा सावजी रस्सा करायचाय म्हटलं तर काका लगेच म्हणाले, "नुसतं मांडीचं नको नेऊ भाऊ, सीना-चाप (छाती-बरगडीचं) घे, चरबीशिवाय तर्री येत नाही," अन् वरून दोन नळ्या पैसे न घेता टाकल्या. एवढ्या वर्षांत शेळीचं मटन बोकडाचं म्हणून कधी दिलं नाही, माल संपला की सरळ शटर खाली, कालचं फ्रिजमधलं प्रकरणच नाही. रेट थोडा जास्त आहे, पण मला पटतो. रविवारी मात्र 9 च्या आत पोहोचा.