बकलचं बेबी कॅरियर: एकट्या आईच्या मापाचं नको

बकलचं कॅरियर म्हणजे बाळाला अंगावर बांधायची पट्ट्यांची झोळी. ते घेताना पहिली परीक्षा ही घ्यावी: आईने अंगावरून उतरवलं की बाबाला ते कुणाच्या मदतीशिवाय मिनिटभरात चढवता येतं का? येत नसेल तर ते एकाच माणसाचं होऊन बसतं आणि बाळही त्याच माणसाच्या अंगावर राहतं. पहिल्या दोन मुलांसाठी आईला कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बाबाला १५ दिवस मिळतात, खासगीत कंपनी देईल तेवढी. त्याच्या वाट्याला येते ती संध्याकाळ, आणि ती पट्टे सोडवण्यात जायला नको.

घोळ होतो तो कमरपट्ट्याशी. पुरुष तो सवयीने पँटच्या पट्ट्यासारखा खाली बांधतात. मग बाळ लोंबतं, सगळं वजन खांद्यांवर येतं आणि पंधरा मिनिटांत पाठ भरून येते. पट्टा बेंबीच्या आसपास आवळून बांधला की वजन कमरेवर बसतं. मान किंचित खाली करून बाळाच्या टाळूचा पापा घेता आला, म्हणजे उंची बरोबर. सिझेरियन झालेल्या आईला सुरुवातीला हा पट्टा टाक्यांवर टोचतो, त्यामुळे कॅरियरची सवय आधी बाबाने करून घेणं सोयीचं.

दुसरी अडचण खांद्याचे दोन पट्टे पाठीवर जोडणाऱ्या आडव्या क्लिपची. ती मानेजवळ सरकली की हात पोचत नाही. खांद्याच्या पात्यांच्या मध्ये हवी. खांद्याचे पट्टे ढिले करायचे, क्लिप आधीच लावायची, गंजीसारखं डोक्यावरून घालायचं आणि मग पट्टे ओढायचे. दोघांची मापं वेगळी, म्हणून पट्टे दर वेळी नव्याने जुळवावे लागतात. यावर सुईदोऱ्याचा साधा इलाज आहे: आईचं माप जिथे बसतं तिथे पट्ट्यावर लाल दोऱ्याचे दोन टाके, बाबाचं बसतं तिथे पिवळ्याचे. रोजची शोधाशोध संपते. आजोबा वापरणार असतील तर तिसरा रंग.

बैठक रुंद हवी. कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचावं आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत. स्वस्त कॅरियरमध्ये बरेचदा दोन पायांमध्ये फक्त अरुंद पट्टी असते आणि पाय सरळ खाली लोंबतात. लहान बाळाच्या खुब्यांना ते चांगलं नाही. अशी कॅरियर घेऊच नयेत. दोरी ओढून बैठक लहानमोठी करता येणारं मॉडेल जास्त दिवस पुरतं. किमान वजनाची मर्यादा लेबलवर बघा. तान्ह्या बाळाला काही मॉडेलमध्ये वेगळी गादी लागते.

बाळाची हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली दोन बोटं जातील एवढी जागा हवी. नाहीतर श्वास कोंडतो. तोंड सतत दिसलं पाहिजे, ओढणी किंवा शाल वरून टाकायची नाही. पहिल्यांदा बाळाऐवजी चार किलो ज्वारीची पिशवी घालून घरात दहा मिनिटं चाला. बकल ‘टक’ वाजलं तरी एकदा ओढून बघा. खाली वाकताना गुडघे वाकवा आणि एक हात बाळाच्या पाठीवर ठेवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाड फोम आणि पॉलिस्टरचं कॅरियर त्रासाचं होतं. सुती घ्या. धुताना बकलं लावून, उशीच्या अभ्र्यात घालून, वॉशिंग मशीनच्या हलक्या सायकलवर.

दोन गोष्टी अजिबात नकोत. कॅरियरमध्ये बाळ घेऊन गॅसपाशी उभं राहू नये. ‘हात मोकळे’ याचा अर्थ फोडणी घालणं नव्हे. बाळ एकाच्या अंगावर असेल तर स्वयंपाक दुसऱ्याने करायचा. आणि स्कूटरवर हे चालत नाही. दुचाकीवर नेताना चार वर्षांपर्यंतच्या मुलाला सेफ्टी हार्नेस (मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा) बंधनकारक आहे, आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेटही. हे कॅरियर म्हणजे तो हार्नेस नाही.

दुकानात जाताना दोघांनी मिळूनच जावं. आधी ज्याची कंबर मोठी त्याने घालून बघावं, मग छोटी असलेल्याने. पट्टा दोघांनाही घट्ट बसला तरच पैसे द्यावेत.