तपकीर गल्लीतलं कॅसेटचं दुकान आणि लग्नानंतर उरलेली ‘आमची माती’

सेवा: जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून मिळतात
ठिकाण: बुधवार पेठ, पुणे. तपकीर गल्लीच्या मागचा वाडा, दुसरा मजला
दर: कॅसेटला ५०० रुपये, बुरशी असेल तर २०० वेगळे
माझे गुण: ५ पैकी साडेचार

घरातल्या लग्नाची कॅसेट पेनड्राइव्हवर घ्यायची असेल तर पुण्यात कुठेही जा, काम होईल. पण दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमाचा हरवलेला भाग शोधत असाल, तर इथेच जा. हे दुकान कॅसेट शेवटच्या इंचापर्यंत चालवतं. आमच्यासारख्यांना नेमकं तेच हवं असतं.

मी शोधत होते ‘आमची माती आमची माणसं’ या मुंबई दूरदर्शनच्या शेतीच्या कार्यक्रमाचा एक भाग. त्यांची मंडळी पुरंदरमधल्या आमच्या सोनोरीच्या मळ्यात आली होती. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, अंजिरावरच्या तांबेरा रोगाबद्दल बोलले होते. ज्या संध्याकाळी तो भाग लागला, तेव्हा आळीतली सगळी माणसं एका टीव्हीपुढे बसली होती. त्यानंतर तो पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नाही.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुणे भागात दिसू लागलं. त्या काळचे पुष्कळ कार्यक्रम थेट जायचे. जे टेपवर घेतले जायचे त्यांतल्याही अनेकांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कारण टेप महाग होती. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ची आठवण काढणारे, त्यांचे तुकडे शोधणारे रसिक आजही आहेत, आणि ते चांगलंच आहे. शेतीच्या कार्यक्रमाला असा वाली नाही. तो रोजच्या भाकरीसारखा होता, लागला आणि संपला. कांद्याच्या भावावर किंवा फवारणीवर बोलणारा शेतकरी जपून ठेवावा असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. लोक मला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जायला सांगतात. पण ते चित्रपटांचं घर आहे, शेतीच्या कार्यक्रमाच्या टेपा तिथे कशा मिळणार?

बीबीसीची गोष्ट या शोधातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या मालिकेचे १९६० च्या दशकातले कितीतरी भाग त्यांनी पुसले किंवा टाकून दिले. २०१३ मध्ये त्यांतले ९ भाग नायजेरियातल्या जॉस शहरात सापडल्याचं जाहीर झालं. परदेशी वाहिन्यांना दाखवण्यासाठी पाठवलेल्या फिल्मच्या प्रती तिथे पडून होत्या. शिवाय हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो धरून ठेवला होता. आपल्या अंजिराच्या भागाची प्रत कोण कशाला परदेशी धाडेल? म्हणजे आपल्याकडे आशेची जागा एकच उरते, कुणाच्या तरी घरातली कॅसेट.

म्हणून मी ज्यांच्याकडे त्या काळी व्हीसीआर, म्हणजे कॅसेट भरायचं आणि बघायचं मशीन होतं, अशांच्या मागे लागले. नातेवाईक झाले, व्हिडिओ पार्लर चालवणारे झाले, जुने केबलवाले झाले. शेवटी सासवडच्या आत्याच्या माळ्यावर एक पेटी निघाली. आतेभावाची तेव्हा व्हिडिओ लायब्ररी होती. एका कॅसेटच्या पाठीवर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मामा – शेती – पुसू नये’. त्याखाली निळ्या शाईत दुसरं अक्षर, ‘सुनीताचं लग्न’.

आधी मी ती कॅसेट पुण्यातल्या दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. त्यांनी लग्न काढून दिलं, वर सनईचं संगीत चढवलं आणि ‘बाकी काही नाही’ म्हणून मोकळे झाले. वर म्हणाले, एआय लावून चेहरे चकचकीत करून देतो. मला ते अजिबात नको होतं. माझ्या बापाचा चेहरा कॉम्प्युटरने अंदाजाने रंगवायचा आणि मी तो तात्यांचा म्हणून बघायचा, हे मला सहन होणार नाही.

मग कुणीतरी तपकीर गल्लीतल्या दादांचं सांगितलं. दुकानाला नावाची पाटी नाही, दारावर ‘कॅसेट टू पेनड्राइव्ह’ एवढाच कागद चिकटवलाय. खोलीत भिंतीला लावून व्हीसीआरची चळत. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हापासून दादा भंगारातून मशीन घेतात, एकाचा पट्टा दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं हेड, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणारा भाग, तिसऱ्याला लावतात.

कॅसेट हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती कडेची खाच. रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून तिथलं प्लास्टिकचं पान तोडून टाकायची पद्धत होती. आमच्या कॅसेटचं पान तुटलेलं होतं आणि त्या जागी सेलोटेप लावलेली होती. “ताई, हे बघा. जपून ठेवली होती, मग कुणीतरी वरून भरली,” दादा म्हणाले. “लग्नाच्या खाली जे होतं ते गेलं. ते निघेल असं सांगून मी तुमचे पैसे घेणार नाही. पण लग्न संपल्यावर काय आहे ते बघू.” हे स्पष्ट बोलणं मला फार आवडलं.

मग त्यांनी मास्क लावला, पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली आणि चक्रीवरची बुरशी दाखवली. टेपच्या थरांच्या काठावर पांढरी भुकटी बसली होती. अशी टेप ते चांगल्या मशीनमध्ये घालतच नाहीत. त्यासाठी एक जुनं मशीन बाजूला ठेवलंय, त्यात मऊ कापडावरून टेप सावकाश पुढे आणि मागे फिरवतात. मग टेप दुसऱ्या, धड खोक्यात बसवतात. त्या मशीनचं हेड अल्कोहोलने पुसताना हात आडवाच फिरवतात. हेड उभं पुसलं तर तुटतं, हे त्यांनी मला सांगितलंही आणि करूनही दाखवलं. मी स्टुलावर बसून सगळं पाहिलं, त्यांनी एकदाही ‘नंतर या’ म्हटलं नाही.

लग्नाचं रेकॉर्डिंग संपलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. बहुतेक ठिकाणी इथेच कॅसेट बाहेर काढतात. पण व्हीसीआरमध्ये पुसणारं हेड आधी असतं आणि चित्र घेणारं हेड त्याच्यापुढे. रेकॉर्डिंग थांबवलं की या दोन हेडांमधली टेप पुसलेली, पण कोरीच राहते. म्हणून काही सेकंद नुसत्या मुंग्या दिसतात आणि त्यानंतर आधीचं जुनं रेकॉर्डिंग सुरू होतं. सिग्नल नसला की पडदा निळा करायची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते, दादांनी ती बंदच करून ठेवलीय. त्यामुळे मुंग्यांच्या पलीकडे काय येतंय ते पहिल्या क्षणापासून दिसतं.

मुंग्या गेल्या आणि तात्यांचा आवाज आला. चित्र आधी धड नव्हतंच. पडदा वर सरकत होता, मधेच फाटत होता. दादा म्हणाले, टेपचा खालचा काठ चुरगळलाय, चित्र जागेवर धरणारी खूण तिथे असते. आवाज मात्र वरच्या काठाने सरळ जातो म्हणून तो शाबूत आहे. त्यांनी चित्र जुळवायचं ट्रॅकिंगचं बटण फिरवलं, मशीन बदललं, पुन्हा लावलं. तिसऱ्या मशीनवर चित्र बरंचसं थांबलं. तात्या डोक्याला फडकं बांधून उभे. हातात अंजिराची फांदी, पानाची मागची बाजू कॅमेऱ्याकडे धरलेली, आणि मोरचूद नि चुना किती घ्यायचा ते सांगतायत. मुलाखत घेणारे मीठा बहाराबद्दल, म्हणजे अंजिराच्या उन्हाळी पिकाबद्दल, विचारतात आणि तात्या उत्तर द्यायच्या आधी खाली बघून हसतात. त्यांची ती सवय मी विसरून गेले होते. एकंदर चार मिनिटं. मग कार्यक्रमाच्या शेवटाची पाटी, निवेदिकेचं ‘यानंतर पाहू या’, आणि टेप संपली.

दादांनी निवेदिकेचं ते वाक्यही कापलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तुम्हाला नको असेल, पण दुसऱ्या कुणाला तेच हवं असेल.” या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाचही गुण द्यायला तयार आहे.

अर्धा गुण का कापला, तेही लिहिते. वेळ फार लागतो, फोन उचलत नाहीत, जिना अंधारा आणि उभा आहे. वयस्कर माणसाने एकट्याने जाऊ नये. कोणत्या मिनिटाला काय आहे याची यादी देत नाहीत, ती तुम्हीच करायची. आणि मागितलं नाही तर मोबाइलवर चालेल अशी लहान फाइल हातात ठेवतात. मूळ मोठी फाइल मुद्दाम मागा, स्वतःची हार्ड डिस्क घेऊन जा. आवाजाची वेगळी फाइल मागितली तर जादा पैसे न घेता देतात, तीही घ्याच. कॅसेटच्या पाठीवरच्या आणि दर्शनी लेबलांचे फोटो मात्र न सांगता काढतात. कधी कधी कार्यक्रमाचा पत्ता फक्त त्या लेबलावरच असतो.

जाण्याआधी घरी कॅसेट लावून बघू नका. बुरशी असली तर टेपही जाईल आणि मशीनही. लेबल खरवडू नका. ज्या कॅसेटच्या खाचेवर सेलोटेप आहे ती सगळ्यात आधी द्या, वर लग्न, बारसं, मॅच काहीही लिहिलेलं असो.

तात्यांच्या भागाचा पहिला अर्धा अजून मिळायचाय. त्यात आमची विहीर आहे, आई आहे, आणि खट्टा बहार, म्हणजे पावसाळी पीक, का धरत नाही हे तात्यांनी सांगितलेलं आहे, एवढं मला आठवतं. पुरंदर, हवेली, दौंड भागात कुणाच्या घरी त्या संध्याकाळी व्हीसीआर चालू असेल, कुणाच्या माळ्यावर ‘शेती’ लिहिलेली किंवा काहीच न लिहिलेली कॅसेट असेल, तर ती टाकू नका. दादांकडे नेऊन पूर्ण चालवून घेण्याचा खर्च मी देईन, आणि कॅसेट तुमची तुम्हाला परत मिळेल.