संगीतकारांच्या वाढदिवसांचं टेबल कॅलेंडर: जोड्या झकास, पण हाताशी पेन्सिल ठेवा

दादर पश्चिमेला आणि गिरगावात स्टेशनरीच्या दुकानांत हे कॅलेंडर सध्या दिसतंय. किंमत 450 रुपये. दर तारखेला एक पान आणि त्या पानावर त्याच तारखेला जन्मलेले दोन-तीन संगीतकार. एक तरी आपल्याकडचा, एक तरी परदेशी. वार छापलेले नाहीत, त्यामुळे दरवर्षी हेच चालतं. मुंबईच्या घरांत भिंतीवरचा खिळा 1973पासून कालनिर्णयच्या नावावर आहे, तेव्हा हे टेबलावर उभं केलं हे शहाणपणाचंच. छापणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. खाली चुकांची यादी मोठी आहे आणि त्या सगळ्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

एका तारखेला दोन नावं सापडली यात कौतुक काही नाही. कुठलेही 23 जण एकत्र आले की त्यांतल्या दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. इथे तर जगभरातले गायक-वादक हाताशी आहेत. खरी कसोटी निवडीची, आणि ती संपादकाला जमली आहे. 29 एप्रिलचं पान बघा: उस्ताद अल्लारखाँ (1919), झुबिन मेहता (1936) आणि ड्यूक एलिंग्टन (1899). जम्मूकडून येऊन मुंबईचे झालेले तबलानवाज, मुंबईतच जन्मलेला वाद्यवृंदाचा कंडक्टर आणि वॉशिंग्टनचा जॅझचा बादशहा. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी उभी केली, हेही चार ओळींत बसवलंय. थॉमस बीचम आणि माल्कम सार्जंट हे दोन इंग्रज कंडक्टरही याच तारखेचे. त्यांना गाळलं ते बरंच केलं, नाहीतर पान कंडक्टरांनीच भरलं असतं.

सगळ्यात नेमकं पान मात्र 4 ऑगस्टचं. खांडव्याचा किशोरकुमार (1929) आणि न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग (1901). एकाचं यॉडलिंग, दुसऱ्याचं स्कॅट; शब्द बाजूला ठेवून नुसत्या आवाजावर गाणं पुढे नेणारे दोघे. आर्मस्ट्राँग स्वतः जन्मभर 4 जुलै 1900 हीच तारीख सांगत आला. तो 1971 साली गेला आणि पुढे 1980च्या दशकात त्याच्या बाप्तिस्म्याची चर्चमधली नोंद सापडली, तेव्हा खरी तारीख कळली. जुन्या पुस्तकांवर विसंबून काम केलं असतं तर हे पान एक महिना आधीच उलटलं असतं.

7 एप्रिलला रविशंकर (1920) आणि बिली हॉलिडे (1915), 16 सप्टेंबरला एम. एस. सुब्बुलक्ष्मी (1916) आणि बी. बी. किंग (1925), 8 सप्टेंबरला आशा भोसले (1933), भूपेन हजारिका (1926) आणि द्वोर्झाक (1841). नाट्यसंगीतवाल्यांनाही उपाशी ठेवलेलं नाही: 26 जूनला बालगंधर्व (1888) आणि इटलीचे क्लॉडिओ अब्बाडो (1933), 29 डिसेंबरला मास्टर दीनानाथ (1900) आणि चेलोवादक पाब्लो कासाल्स (1876). 29 फेब्रुवारीचं पानही रिकामं सोडलेलं नाही, तिथे रोसिनी (1792) आणि जिमी डॉर्सी (1904) आहेत. आपल्याकडचा गवई काही त्या दिवशी सापडलेला दिसत नाही. मोरारजी देसाई सापडले असते, पण ते गात नव्हते.

आता पेन्सिल घ्या. मुख्य गोंधळ आहे तो कुठल्या पंचांगाने मोजायचं याचा. 7 मेला ब्राह्म्स (1833) आणि चायकॉव्स्की (1840) एकत्र दिलेत. चायकॉव्स्कीच्या वेळी रशियात जुनं, ज्युलियन कॅलेंडर चालायचं, त्यात ही तारीख 25 एप्रिल. आजच्या कॅलेंडरात आणायला त्यात 12 दिवस मिळवून 7 मे केली, हे बरोबर. पण 21 मार्चला बिस्मिल्लाखाँसाहेबांच्या शेजारी योहान सेबास्टियन बाख (1685) बसवलाय, तो ज्युलियन तारखेनेच. त्याच्या मुलखाने नवं कॅलेंडर 1700 साली स्वीकारलं. चायकॉव्स्कीचा नियम लावला तर त्या काळच्या फरकाचे 10 दिवस मिळवून बाख 31 मार्चला जातो. जगभर बाखची 21 मार्चच पाळतात, त्यामुळे पान हलवायची गरज नाही. मात्र दोन पानांवर दोन नियम लावून त्याबद्दल अवाक्षर न लिहिणं हा हलगर्जीपणा झाला.

त्याच 7 मेच्या पानावर रवींद्रनाथही (1861) आहेत. तारीख बरोबर, पण बंगालात जयंती पंचविशे बैशाखला होते आणि तो दिवस 8 किंवा 9 मेला येतो. असंच भातखंड्यांचं: 10 ऑगस्ट 1860, वाळकेश्वर, आणि त्या दिवशी गोकुळाष्टमी. अशा पानांवर कोपऱ्यात ‘ति’ लिहून ठेवा, म्हणजे तिथीने बघायला भिंतीकडे वळता येईल.

सरळसरळ चुकाही आहेत. बेथोवेन 17 डिसेंबरला जन्मलेला दाखवलाय. ती 1770 सालच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे, जन्म साधारणपणे 16चा धरतात. इळयराजा 2 जूनला छापलेत. ते वाढदिवस त्या दिवशी साजरा करतात, कारण 3 जून हा करुणानिधींचा वाढदिवस. त्यांची स्वतःची जन्मतारीखही 3 जूनच (1943). आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल ही जोडी म्हणून दोघांनाही 3 सप्टेंबरच्या पानावर बसवलंय! 3 सप्टेंबर (1940) प्यारेलाल यांची. लक्ष्मीकांत 3 नोव्हेंबरचे (1937). मुंबईत विकायच्या कॅलेंडरात ही चूक खपणार नाही.

बांधणीबद्दल थोडं. पानं 183, दोन्ही बाजूंनी छापलेली, 15 बाय 20 सेंटिमीटर, 170 जीएसएम आर्ट पेपर. पहिली बाजू 1 जुलैला, म्हणजे हरिप्रसाद चौरसियांपाशी संपते. मग स्टँड फिरवला की त्याच पानाच्या पाठीवर 2 जुलै. 1 जानेवारीच्या पाठीला 31 डिसेंबर, तिथे मल्लिकार्जुन मन्सूर (1910). ही रचना छान आहे, पण नुसत्या पानांचं वजनच नऊशे ग्रॅमच्या वर जातं आणि स्टँडचा पुठ्ठा तेवढा जाड नाही. जानेवारीत सगळा भार पुढे, जूनमध्ये सगळा मागे. दोन्ही वेळा स्टँडचे पाय फाकतात. तळाला दोन पायांमध्ये रिबीन चिकटवली की बसतं.

वायरोही, म्हणजे पानं बांधणारी तारेची गुंडाळी, कमी मापाचा घातलाय. गठ्ठा साधारण 27 मिलिमीटर, वायरो 28चा. त्यात पानं मावतात, पण फिरत नाहीत. भोकांपाशी अडकतात आणि जोर केला की फाटतात. तीन-चार मिलिमीटर मोकळीक हवी, म्हणजे 32चा वायरो. झेरॉक्स-बाइंडिंगवाल्याकडे बदलून मिळतो. बदलताय तर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या. माहीम-वरळीच्या खाऱ्या हवेत साध्या तारेचा गंज पानांना लागतो. पावसाळ्यात खिडकीजवळ किंवा ओट्यावर ठेवू नका. कागद ओल धरतो, कडा वळतात आणि मग पान उलटताना दोन-दोन येतात.

प्रत्येक पानावर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की त्या कलाकाराची गाणी उघडतात, असा दावा. निम्मे कोड पहिल्या फटक्यात उघडत नाहीत. कोडाच्या चारही बाजूंना त्यातल्या चार चौकटींएवढी कोरी जागा लागते. इथे तो थेट वायरोच्या भोकांना टेकवलाय. वर चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडते. पान सपाट धरून, भोकांवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून बघा, बहुतेक वेळा उघडतो.

दुकानात घेताना सीलबंद प्रत उचलू नका, उघडी मागा आणि मधली दहा-बारा पानं उलटून वायरो अडतो का ते बघा. डिसेंबरात घाई करायचंही कारण नाही. जानेवारी उलटला की दुकानदार बाकीच्या कॅलेंडरांबरोबर हेही सवलतीत काढतात, आणि वार नसल्यामुळे याचं काहीच शिळं झालेलं नसतं.